अण्णांची जुनी इंग्रजी

मला राग पटकन येतो. लहानपणी तर तो नाकावरच बसलेला असायचा, आणि त्यातला निम्मा अण्णांच्या वाट्याला गेला. अण्णा म्हणजे माझे वडील. "पाठ करून या, नाहीतर मी शिकवणार नाही," असं बापाला दटावणारी मुलगी सोलापूरच्या आमच्या भवानी पेठेत तरी मी एकटीच असेन. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. बाकीच्या मुली वडिलांसमोर मान वर करून बोलत नसत आणि मी त्यांच्या पाटीवर रेघोट्या मारत होते. आई म्हणायची, हिला सासरचे दुसऱ्याच दिवशी परत आणून सोडतील.

पण माझाही इलाज नव्हता. अण्णा संस्कृतचे शास्त्री. पेठेतल्या रामाच्या देवळात, ओवरीवर, त्यांची पाठशाळा भरायची. ती मुलं एकेक करून इंग्रजी शाळेत गेली आणि शेवटी ओवरीवर अण्णा आणि देवळातलं मांजर एवढीच मंडळी उरली. मग पंचांनी पाठशाळा बंद केली. हायस्कूलच्या हेडमास्तरांना अण्णांच्या विद्येबद्दल आदर होता, त्यांनी बोलावून खालच्या वर्गांचं संस्कृत अण्णांकडे दिलं. पण एका वर्षापुरतं. कायम व्हायचं असेल तर वरचे वर्गही घेता यायला हवेत, आणि वरच्या वर्गांत संस्कृत शिकवायचं ते इंग्रजीतून. हसू नका, तेव्हा तसंच होतं. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत श्लोकाचं भाषांतर इंग्रजीत मागायचे. ज्या माणसाला संस्कृत बोलताना मराठीची आठवण होत नसे, त्याला आता संस्कृत येतं की नाही हे इंग्रजीवरून ठरणार होतं.

वर्षाअखेर इन्स्पेक्टरसाहेब येणार, माझ्याच वर्गावर अण्णांचा पाठ बघणार आणि मग ठरणार. नाही जमलं तर पुण्याचा एक बी.ए. झालेला तरुण तयारच होता. आणि आम्ही? आम्ही टेंभुर्णीला काकांच्या वस्तीवर जाणार होतो. काका मनानं चांगले, या म्हणाले होते, घर आपलंच आहे म्हणाले होते. पण टेंभुर्णीला तेव्हा मुलींसाठी कसलं हायस्कूल आलंय! मी इंग्रजी सहावीत होते, पुढचं वर्ष मॅट्रिकचं. अण्णांचा पाठ बिघडला तर माझी शाळा संपली, इतका सरळ हिशेब होता. तो मला कळत होता, आईला कळत होता आणि अण्णांनाही कळत होता. म्हणूनच ते रोज संध्याकाळी, देवळातलं पुराण सांगून झालं की, माझ्यासमोर पाटी घेऊन मांडी घालून बसायचे.

शब्दांचं म्हणाल तर अण्णांनी मला लाजवलं. जन्मभर पाठांतर केलेला माणूस. मी डिक्शनरीतलं पान उघडून द्यावं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते घडाघडा म्हणून दाखवावं. पण वाक्य म्हटलं की सगळं मुसळ केरात. मुलगा कुत्र्याला मारतो याचं इंग्रजी करा म्हटलं की अण्णा 'बॉय', 'डॉग' आणि 'बीट्स' हे तीन शब्द कसेही टाकायचे. आज कुत्रा पुढे, उद्या मुलगा, क्रियापद मात्र बहुतेक वेळा शेवटी, आपल्याकडे असतं तिथं. मी म्हणायचे, अहो अण्णा, याचा अर्थ कुत्रा मुलाला मारतो असा झाला. त्यावर ते शांतपणे म्हणायचे की कुत्रा मारत नसतो, चावतो, तेव्हा ऐकणाऱ्याला समजायला हवं.

बरं, हट्ट असा की समजावून घ्यायचं नाही. त्यांचं म्हणणं, वाघानं शेळीला खाल्लं म्हणा, शेळीला वाघानं खाल्लं म्हणा, नाहीतर खाल्लं वाघानं शेळीला म्हणा, शेळी काही वाचत नाही. शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागला की तो कुठंही बसायला मोकळा. आणि ही तुमची इंग्रजी! इथं शब्दाला स्वतःची ओळखच नाही. कुठल्या पाटावर बसला त्यावरून म्हणे तो कर्ता की कर्म ते ठरणार. असल्या दरिद्री भाषेनं माझं संस्कृत तोलायचं, असं म्हणून ते पाटी बाजूला ठेवायचे. खरं दुखणं ते होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हती असं नाही, त्यांना ती यायला नको होती. ज्या गोष्टीबद्दल मनात तिटकारा, ती डोक्यात शिरणार कशी? मी चिडायचे, रडायचे, पाटी आपटायचे. आईनं तर धीर सोडून मोठी पातेली आणि पितळी घंगाळ ओळखीच्या गाडीवानाबरोबर टेंभुर्णीला पाठवूनही दिलं होतं. म्हणाली, ऐनवेळी धावपळ नको. त्या घंगाळाचा मला इतका राग आला की सांगता सोय नाही.

त्याच रागात मी एकदा वर्गात उभी राहिले. हेडमास्तर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. आम्ही दोनच मुली वर्गात, मी आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांची मुलगी. बाजूच्या बाकावर बसायचं आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असा रिवाज. मी विचारलं, सर, इंग्रजीत कर्ता आधी, मग क्रियापद, मग कर्म, हे कुणी ठरवलं? मुलं खो खो हसली. हेडमास्तरांनी मला खाली बसायला सांगितलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवलं, इंग्रजी भाषेच्या इतिहासाचं. कुणी ठरवलं ते यात बघ म्हणाले, आणि मलाही सांग.

ते पुस्तक मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. निम्मं डोक्यावरून गेलं. पण जे कळलं त्यानं मी ताडकन उठून बाहेर आले. अण्णा पडवीत शेंगा फोडत बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, इंग्रजीला विभक्ती होत्या."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मग मी जे समजलं होतं ते सांगितलं. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी अगदी वेगळी होती. नामांना प्रत्यय होते, लिंगं तीन होती, आपल्यासारखीच. राजा कर्ता असला की त्याच्या आधीच्या शब्दाचं रूप एक, कर्म असला की निराळं, त्यामुळे राजाला वाक्यात कुठंही ठेवता यायचं. कधी कर्म आधी, कधी क्रियापद थेट शेवटी. अण्णा म्हणाले, रूपं दाखव. मी पुस्तकाच्या शेवटी दिलेला तक्ता काढला. आज इंग्रजीत सगळीकडे जो एकच 'द' आहे ना, त्याची तेव्हा विभक्तीगणिक रूपं होती. मी अडखळत वाचली: से, थोने, थॅस, थॅम. प्रथमा, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी.

अण्णांनी डोळे मिटले आणि म्हणून बघितलं. से, थोने, थॅस, थॅम. पुन्हा म्हटलं. मग स्त्रीलिंग विचारलं, नपुंसकलिंग विचारलं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून पुस्तक मागून घेतलं आणि शेंगा मी फोडल्या.

आणि मग काय विचारता! आठवडाभर घरात तेच. आंघोळ करताना से, थोने. देवळात जाताना थॅस, थॅम. गल्लीत तेलुगू विणकरांची घरं होती, त्यातलं एक अगदी शेजारी. त्या घरातल्या अक्कानं आईला भिंतीवरून विचारलं, की शास्त्रीबुवांनी कुठल्या नव्या देवाचं अनुष्ठान धरलंय. आईनं कपाळाला हात लावला. मला तर रडूच कोसळायचं बाकी होतं. इन्स्पेक्टर जवळ येतोय आणि हा माणूस हजार वर्षांपूर्वी मेलेली इंग्रजी पाठ करतोय! मी सांगून दमले, अहो, ही रूपं आता लंडनच्या राजालाही येत नसतील, मला आजची इंग्रजी म्हणून दाखवा. पण अण्णा ऐकतील तर शपथ. मात्र एक झालं. 'दरिद्री भाषा' हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही. चांगल्या घराण्यातली, पण दिवस फिरलेली बाई म्हणावी, तसे ते इंग्रजीबद्दल बोलायला लागले. 'ही' आणि 'हिम', 'आय' आणि 'मी' ही रूपं अजून टिकून आहेत हे कळल्यावर तर त्यांना फार बरं वाटलं. म्हणाले, घरात चार भांडी तरी शिल्लक राहिली.

मग त्यांनी विचारलं की बाकीच्यांचं काय झालं. कुणी मोडली ही रूपं? त्यांची खात्री की कुणीतरी दुष्ट राजा असणार. मी पुढचं प्रकरण वाचून सांगितलं. समुद्रापलीकडून उत्तरेचे लोक आले, आधी लुटालूट केली, मग तिथंच जमिनी कसायला लागले, लग्नं केली. त्यांची भाषा इंग्रजीच्या नात्यातलीच. शब्दाचं मूळ दोघांचं सारखं, शेपटं मात्र निराळी. शेजाऱ्याशी बोलताना शेपटांचा घोळ व्हायला लागला, तशी लोकांनी ती हळूहळू गिळून टाकली. त्यानंतर फ्रेंच बोलणारे राजे आले. दरबारात फ्रेंच, मठात लॅटिन आणि इंग्रजी राहिली नांगरामागं आणि चुलीपुढं. कितीतरी पिढ्या तिच्याकडं कुणी शहाण्यानं बघितलं नाही. ती परत दरबारात आली तेव्हा शेपटं जवळजवळ गेलेली होती. कोण कुणाला मारतो हे सांगायला मग शब्दांनी आपापल्या जागा धरल्या. पुढं कर्ता, मध्ये क्रियापद, मागं कर्म. उरलेलं काम 'टू', 'ऑफ', 'विथ' असल्या चिल्लर शब्दांनी वाटून घेतलं. हे सगळं कुणा एकानं ठरवलंच नव्हतं.

अण्णांनी माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाले, त्यांच्यात एकही शास्त्री नव्हता का गं, रोखायला? त्या दिवशी ते अर्धी भाकरी टाकून उठले. आईनं विचारलं, काय झालं यांना? मी म्हटलं, इंग्रजांच्या विभक्ती गेल्या. आई म्हणाली, मग आपल्याला काय त्याचं सुतक आहे? आणि उरलेली भाकरी मला वाढली.

त्यानंतर आला मंगळवारचा बाजार. जोंधळे आणायला अण्णा निघाले आणि पिशव्या धरायला मी. जोंधळ्याच्या पोत्यांपाशी आमची शेजारची अक्का आधीच उभी होती आणि अक्कलकोटकडचा एक कानडी शेतकरी तिच्याशी घासाघीस करत होता. तिला कानडी येत नाही, त्याला तेलुगू येत नाही. दोघांची मराठी बाजारापुरती. सौदा झाला आणि अक्का बरोबरच्या पोराकडे बोट करून म्हणाली, "पोरगं पोतं घर नेतंय." तो म्हणाला, "पोरगं लहान, पोतं मोठं. मी पोतं गाडी ठेवतो." आणि खरंच त्यानं ते पोतं उचलून अक्काच्या दिराच्या हातगाडीवर ठेवलं. झालं, दोघं आपापल्या वाटेनं गेली.

मला यात काही नवल वाटलं नाही, सोलापुरात जन्म गेलेल्या कुणालाच वाटणार नाही. पण अण्णा पिशवी उघडी धरून तिथंच उभे. धान्यवाला मापटं हातात घेऊन वाट बघतोय, मागची माणसं ओरडतायत आणि हे आपले पुटपुटतायत: घरी नाही, घराकडे नाही, नुसतं घर. गाडीत नाही, गाडीवर नाही, नुसती गाडी. मला लाज वाटली, मी त्यांचा सदरा ओढला.

घरी येताना ते म्हणाले, "त्या अक्काच्या भाषेत प्रत्यय आहेत. त्या शेतकऱ्याच्या भाषेतही आहेत. दोघं आपापले घरी ठेवून आले, एकमेकांना समजावं म्हणून. मी इतके दिवस याला भ्रष्ट होणं म्हणत होतो." मग थोडं चालल्यावर म्हणाले, "बाळ, आज तुझी ती आजची इंग्रजी घेऊ."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आणि त्या दिवसापासून अण्णा खरोखर शिकायला लागले. जागेवर जागा, शब्दावर शब्द. चुकले की स्वतःच कान पकडायचे. मी दटावलं तर हसायचे. फक्त एक खोड जाता जाईना. घाई झाली किंवा मनावर दडपण आलं की क्रियापद आपलं पळत जाऊन शेवटी बसायचं. मी म्हणायचे, अण्णा, शांतपणे बोला. ते म्हणायचे, शांत असलो की येतंच गं, साहेबासमोर शांत कसा राहू ते सांग.

इन्स्पेक्टर आले तो दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो. पुण्याकडचे गृहस्थ, डोक्याला लाल पगडी, उपरणं कडक घडीचं, चेहरा त्याहून कडक. वर्गाच्या मागं खुर्चीवर बसले. शेजारी हेडमास्तर. आम्ही दोघी मुली बाजूच्या बाकावर. अण्णांनी फळ्यावर श्लोक लिहिला. सोपाच होता, राजा हरिणाची शिकार करतो असा काहीसा. सुरेख चालीत म्हणून दाखवला. मग इंग्रजीतून अर्थ सांगायला वळले आणि म्हणाले, "किंग डीअर किल्स."

मुलं फिसकन हसली. अण्णांना चूक कळली, त्यांनी सुधारायला तोंड उघडलं आणि दुसऱ्यांदाही तेच बाहेर पडलं. साहेबांनी खिशातून पेन्सिल काढून काहीतरी टिपलं. माझ्या डोळ्यांसमोर ते घंगाळ आलं. मेलं ते घंगाळ!

अण्णा क्षणभर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग वळले आणि पुढच्या बाकावरच्या तीन मुलांना समोर बोलावलं. एकाच्या डोक्याला काळी टोपी, एकाच्या लाल पटका, एकाची जरीची टोपी. तेव्हा बोडक्या डोक्यानं कुणी शाळेत यायचंच नाही. काळी टोपी म्हणजे मारणारा, लाल पटका म्हणजे मरणारा, जरीची टोपी म्हणजे मारण्याचं काम, असं अण्णांनी इंग्रजीत, एकेका शब्दापाशी थांबत सांगितलं. आणि पोरांना असं फिरवलं, तसं फिरवलं, याला पुढं, त्याला मागं. दर वेळी वर्गाला विचारलं, राजा कोण? वर्ग ओरडला, काळी टोपी! हरिण कोण? लाल पटका! धिस इज संस्कृत, अण्णा म्हणाले.

मग म्हणाले, टोप्या काढा.

आजच्या मुलांना यात काय झालं ते कळायचं नाही. तेव्हा वडीलधाऱ्या माणसासमोर, त्यातून साहेबासमोर, डोकं उघडं करणं म्हणजे नुसता उद्धटपणा नव्हे, अभद्र होतं. बोडकं डोकं असायचं मसणातून परत येणाऱ्याचं. ती तिन्ही पोरं हेडमास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालेलं. अण्णांना त्यातलं काही दिसत नव्हतं. ते शिकवण्यात इतके बुडाले होते की पोरांना धीर यावा म्हणून त्यांनी स्वतःची पगडी उतरवली आणि टेबलावर ठेवली. शास्त्रीबुवांचा तुळतुळीत गोटा आणि शेंडी सगळ्या वर्गानं बघितली. साहेब खुर्चीत ताठ झाले. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा पोरांनी टोप्या काढल्या होत्या आणि अण्णा त्यांना पुन्हा फिरवत होते. आता राजा कोण? कुणालाच सांगता येईना, तीन हजामती तेवढ्या दिसत होत्या. मग अण्णांनी एकाला पहिल्या जागी उभं केलं, एकाला मध्ये, एकाला शेवटी. पहिला मारतो, शेवटचा मरतो. दोघांची अदलाबदल केली आणि विचारलं, आता? मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, राजा मेला! सगळा वर्ग हसला, पण या वेळचं हसणं निराळं होतं. अण्णाही हसले. "नाउ प्लेस इज कॅप," ते म्हणाले. आता जागा हीच टोपी.

आणि मग, पाठात नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगून टाकलं. संथपणे, एक शब्द झाला की दुसरा, सगळे आपापल्या जागी. की फार वर्षांपूर्वी इंग्रजीच्याही डोक्यावर टोप्या होत्या. वेगळी भाषा बोलणारे शेजारी आले, आणि एकमेकांना समजून घेता घेता दोघांनी त्या उतरवल्या. इंग्लिश पीपल लॉस्ट द कॅप्स, अण्णा म्हणाले, दे फाउंड द नेबर्स. मग से, थोने, थॅस, थॅम असं एकदा म्हणून दाखवलं, देवळात म्हणायचे त्या आवाजात. मला ते सगळं पाठ होतं, तरी अंगावर काटा आला.

साहेब उठले. आधी पोरांना म्हणाले, टोप्या घाला. आवाज असा की पोरांनी एकमेकांच्या टोप्या घातल्या. मग अण्णांकडे वळून त्यांनी इंग्रजीत विचारलं, की तुम्हाला ही भाषा कुणी शिकवली.

अण्णा आमच्या बाकाकडे बघून म्हणाले, "माय डॉटर टीचेस मी."

एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. माझ्या आयुष्यात मला पुढं पुष्कळ बरं म्हणणारे भेटले, पण त्या चार शब्दांची सर कशालाच आली नाही. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ते हेडमास्तरांना घेऊन निघून गेले.

शाळा सुटली तरी अण्णा आणि मी व्हरांड्यात उभे. पाठ बरा झाला की वाट लागली हे दोघांनाही कळत नव्हतं. हेडमास्तर एकदाचे बाहेर आले, अण्णांची टेबलावर राहिलेली पगडी हातात घेऊन. म्हणाले, साहेबांनी बजावलंय, पुन्हा कधी मुलांची डोकी उघडी करू नका. इंग्रजी अजून अडखळते तेही म्हणाले. पण असा वर्ग त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. पुढच्या वर्षापासून मॅट्रिकचं संस्कृत तुमच्याकडे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, कुणी ठरवलं ते तू मला अजून सांगितलं नाहीस.

अण्णांनी पगडी घेतली, नमस्कार केला आणि चालायलाच लागले. एवढे झपाझपा की मला मागं पळावं लागत होतं. मी सारखी बडबडत होते, काय ते आठवत नाही. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं आणि माझं त्यांच्याकडे नव्हतं. आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा मात्र काहीतरी चुकतंय असं वाटलं. एक माग थांबला, मग शेजारचा थांबला. दिवसभर खटखटणारी गल्ली एकदम गप्प झाली. अक्का दारात आली, तोंडावर पदर धरून. माणसं बाहेर येऊन उभी राहिली आणि कुणी काही विचारेना.

आई उंबऱ्यात होती. तिनं अण्णांना बघितलं आणि मटकन खाली बसली. "अहो, काय झालं हो माझ्या भावजींना!" म्हणून तिनं गळा काढला. तिला वाटलं, टेंभुर्णीची तार शाळेत आली.

तेव्हा कुठं मी अण्णांकडे नीट बघितलं. भर दिवसा, बोडक्या डोक्यानं, पगडी काखेत धरून ते सबंध भवानी पेठ चालत आले होते. त्यांचा हात डोक्याकडे गेला. गोटा हाताला लागल्यावर ते ओशाळले, आणि मग त्या सगळ्या माणसांसमोर मोठमोठ्यानं हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कधीच बघितलं नव्हतं.

"अगं, कुणाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "पोरगी पुढच्या वर्षी मॅट्रिकला बसतेय. इथंच."

आई रडता रडता थांबली. त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग घाला की ती आधी डोक्यावर," म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली, या वेळी भिंतीला टेकून, नीट.